पैसे मावशीचे, खटला राज्याचा

मावशीच्या फसवणुकीचा खटला उभा राहिला तेव्हा पहिल्या कागदाच्या माथ्यावर ‘स्टेट ऑफ न्यू जर्सी विरुद्ध’ असं छापलं होतं आणि त्यापुढे आरोपी मुलाचं नाव. मावशीचं नाव शोधायला पान उलटावं लागलं. गेलेल्या रकमेच्या ओळीत ते एकदाच आलं होतं. मावशीने चष्मा काढला, कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “अगं, पैसे माझे गेले ना? मग भांडण सरकारचं कसं?”

याचं उत्तर तेव्हा मलाही नीट देता आलं नाही. पुढे वर्षभराहून जास्त काळ तिला घेऊन कौंटी प्रॉसिक्युटरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या, ऑफिसात जाणं-येणं झालं. हे ऑफिस कसं चालतं, कोण कुणाला उत्तर देतं, फिर्याद देणाऱ्याच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे त्यातून हळूहळू कळत गेलं. न्यू जर्सीतल्या एडिसन, मन्रो, प्लेन्सबरो या भागांत आपली किती ज्येष्ठ माणसं एकटी राहतात हे मी पाहते. कुणावर अशी वेळ आली तर समोर काय असणार आहे हे त्यांच्या मुलांना, भाच्यांना आधी माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

घडलं ते थोडक्यात सांगते. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. काका गेल्यापासून मन्रोमधल्या ज्येष्ठांच्या वसाहतीत एकटी राहते. एके दिवशी सरकारी अधिकारी असल्याचं सांगणाऱ्या माणसाचा फोन आला. तिच्या नावावर गुन्हा नोंदला गेलाय, बँकेतला पैसा सुरक्षित नाही, तो काढून ‘सरकारी ताब्यात’ द्यावा लागेल, आणि हे कुणालाही सांगितलं तर अटक होईल, असं त्याने दोन दिवस तिला फोनवर धरून ठेवून पटवलं. तिने 18,000 डॉलर काढले, खोक्यात भरले आणि दारात आलेल्या गाडीतल्या तरुणाला दिले. पुढच्या आठवड्यात आणखी पैशांसाठी फोन आला तेव्हा तिला राहवलं नाही आणि तिने मला सांगितलं. आम्ही टाउनशिपच्या पोलिसांकडे गेलो. ठरलेल्या वेळी तोच तरुण पुन्हा आला आणि साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी त्याला पकडलं. भारतातून शिकायला आलेला मुलगा होता. त्याचा गाव, त्याचं राज्य मी लिहिणार नाही. त्याने काही साधणार नाही.

मला वाटलं होतं, पोलिसांनी पकडलं म्हणजे आता पोलिसच केस लढवणार. आपल्याकडे तसंच डोक्यात बसलेलं असतं. ठाण्यात गुन्हा नोंदवायचा, तपास पोलिसांनी करायचा, आरोपपत्रही त्यांनीच दाखल करायचं आणि सरकारी वकील भेटणार तो थेट कोर्टात, तारखेच्या दिवशी, हातात आमची आणि आणखी ढीगभर प्रकरणं घेऊन. मावशीच्या साताऱ्यातल्या भावाचा जमिनीवरून मारामारीचा खटला चालला होता, तेव्हा तिने हेच पाहिलेलं. इथे मात्र अटकेच्या रात्रीच पोलिसांनी ड्युटीवरच्या असिस्टंट प्रॉसिक्युटरला फोन केला आणि कोणती कलमं लावायची ते त्या बोलण्यात ठरलं. म्हणजे वकील पहिल्या रात्रीपासून केसमध्ये होता.

न्यू जर्सीत गुन्ह्यांची वाटणी अशी आहे. किरकोळ मारामारी, दोनशे डॉलरच्या आतली चोरी असल्या गोष्टी गावच्या म्युनिसिपल कोर्टात जातात आणि तिथे म्युनिसिपल प्रॉसिक्युटर असतो, बहुतेक वेळा अर्धवेळ काम करणारा. त्यावरचे गंभीर गुन्हे सुपीरियर कोर्टात जातात आणि ते सगळे कौंटी प्रॉसिक्युटरच्या अखत्यारीत येतात. त्यांच्या चार पायऱ्या असतात. खालून वर जात शिक्षा वाढते: चौथ्या पायरीला जास्तीत जास्त 18 महिने, तिसरीला 3 ते 5 वर्षं, दुसरीला 5 ते 10, पहिलीला साधारण 10 ते 20. चोरीची रक्कम 500 डॉलरच्या वर आणि 75,000 च्या खाली असेल तर तिसरी पायरी. मावशीची केस तिसऱ्या पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी मावशीला एकच धास्ती होती, तो जामिनावर सुटून पुन्हा दारात येईल. तेव्हा कळलं की 1 जानेवारी 2017 पासून न्यू जर्सीत पैसे भरून जामीन ही पद्धत जवळजवळ मोडीत निघाली आहे. पैसा आहे म्हणून सुटला आणि पैसा नाही म्हणून महिनोन् महिने तुरुंगात कुजला, हे थांबवण्यासाठी तो कायदा आणला. आता आरोपीची जुनी नोंद, पूर्वी तारखा चुकवल्या का वगैरे बघून त्याच्या धोक्याचा अंदाज काढतात आणि अटकेपासून 48 तासांत न्यायाधीश ठरवतात की सोडायचं की कसं. आत ठेवायचंच असेल तर प्रॉसिक्युटरला तसा अर्ज करावा लागतो आणि सुनावणीत कारण पटवून द्यावं लागतं. आमच्या केसमध्ये तो देश सोडून जाईल म्हणून अर्ज झाला. न्यायाधीशांनी तो मानला नाही, पण पासपोर्ट जमा करायला लावला, पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बसवला आणि मावशीशी कसलाही संपर्क करायचा नाही असा आदेश दिला. त्या आदेशाची प्रत मावशीने कित्येक दिवस फ्रिजवर लावून ठेवली होती.

मग पत्र आलं, कौंटी प्रॉसिक्युटरच्या ऑफिसातल्या व्हिक्टिम-विटनेस विभागाचं. पीडित आणि साक्षीदार यांच्यासाठीच असलेला हा विभाग न्यू जर्सीच्या प्रत्येक कौंटीत असतो आणि तो आहे हे आपल्या लोकांना माहीत नसतं. माझ्या मते त्या सगळ्या इमारतीत पहिल्यांदा ओळख करून घ्यावी तर या माणसांशी. आम्हाला मिळालेल्या अ‍ॅडव्होकेट बाई वकील नव्हत्या, पोलिसही नव्हत्या. पुढची तारीख कधी, कोर्टात कुठे बसायचं, आरोपी समोर आला तर काय, नुकसानभरपाईसाठी कुठले कागद जोडायचे, हे सगळं त्या बघायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी मावशीसमोर हक्कांचं एक पान ठेवलं. 1991 मध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि गुन्ह्याच्या बळीला न्यायाने, सहानुभूतीने आणि आदराने वागवलं पाहिजे हे घटनेतच लिहिलं गेलं. मावशी ते ओळीवर बोट ठेवून वाचत होती. मग त्या बाईंनी विचारलं, “तुम्हाला दुभाषी लागेल का? हिंदी?” मावशी म्हणाली, “मराठी.” बाईंनी फॉर्मवर तसं लिहिलं आणि पुढच्या जबाबाच्या वेळी मराठी दुभाषी फोनवर हजर होता.

मी तिथेच बसले होते, मला दोन्ही भाषा येतात, तरी मला दुभाष्याचं काम करू दिलं नाही. तेव्हा जरा लागलं. डिटेक्टिव्हने कारण सांगितलं, ते पटलं: उद्या बचावाचा वकील विचारील की मावशीने सांगितलं ते आणि भाचीने इंग्रजीत घातलं ते एकच होतं कशावरून? घरच्या माणसाला तिऱ्हाईत मानत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

हा डिटेक्टिव्ह पोलिसांचा नव्हता, प्रॉसिक्युटरच्या ऑफिसचा होता. मला हे सर्वांत नवीन होतं. कमरेला पिस्तूल, गळ्यात बिल्ला, अटकेचे पूर्ण अधिकार, पण वरिष्ठ म्हणजे पोलिसप्रमुख नव्हे तर प्रॉसिक्युटर. खून, लैंगिक अत्याचार, लहान मुलांवरचे अत्याचार असल्या प्रकरणांत हे लोक गावच्या पोलिसांबरोबर पहिल्यापासून उतरतात. आमच्यासारखी केस त्यांच्याकडे गेली कारण त्या मुलाच्या फोनमध्ये दुसऱ्या गावांतले आणि दुसऱ्या कौंट्यांतले पत्ते निघाले. एका टाउनशिपच्या पोलिसांना ते सगळं जुळवता आलं नसतं. आर्थिक गुन्ह्यांच्या युनिटने ते हातात घेतलं.

भेटींच्या मधल्या वेळात मी खोदून खोदून विचारत असे, आणि ती माणसं कंटाळा न करता सांगत. सगळ्यात वर स्वतः प्रॉसिक्युटर. त्यांच्या हाताखाली फर्स्ट असिस्टंट, मग युनिटप्रमुख, मग खटले चालवणारे असिस्टंट प्रॉसिक्युटर. दुसऱ्या बाजूला डिटेक्टिव्हांची साखळी, तिचा प्रमुख वेगळा. केस आली की पहिल्यांदा छाननी होते: पुरावा पुरेसा आहे का, हे कलम टिकेल का, की म्युनिसिपल कोर्टाकडे परत पाठवायचं, की सोडूनच द्यायचं. छाननीतच बऱ्याच केसेसचं भवितव्य ठरतं, आणि बाहेरच्या माणसाला ती टेबलं दिसतही नाहीत. त्यानंतर ग्रँड ज्युरीचं काम बघणारे, खटले चालवणारे, अपिलं लढवणारे, अल्पवयीन मुलांच्या केसेस बघणारे, घरगुती हिंसाचारवाले, अमली पदार्थवाले, लैंगिक गुन्ह्यांचं युनिट. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी बघणारे लोकही याच छपराखाली असतात. कौंटीतल्या पोलिस खात्यांवर देखरेख हाही प्रॉसिक्युटरच्या कामाचा भाग आहे.

आणि या प्रॉसिक्युटरला नेमतं कोण? राज्याचा गव्हर्नर नाव सुचवतो, राज्याची सिनेट मान्यता देते, मुदत पाच वर्षं. 21 कौंट्यांना 21 प्रॉसिक्युटर. पगार आणि खर्च कौंटीच्या तिजोरीतून, पण देखरेख राज्याच्या सर्वोच्च सरकारी वकिलाची, म्हणजे अटर्नी जनरलची. 1970 च्या कायद्यानुसार अटर्नी जनरल सर्व कौंट्यांना लागू होतील असे नियम घालून देऊ शकतो, आणि गरज पडली तर एखादी केस किंवा अख्खं ऑफिस आपल्याकडे घेऊ शकतो. अमेरिकेत हा प्रकार अपवादाचा आहे. हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनमध्ये गेलात तर तिथला डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे तिथला प्रॉसिक्युटर, लोकांनी मत देऊन निवडलेला असतो. पेनसिल्व्हेनियात निवडणूक, मिशिगनमध्ये निवडणूक. तिथे प्रचारात ‘मी इतक्या जणांना तुरुंगात पाठवलं’ असं सांगून मतं मागता येतात. मला न्यू जर्सीची पद्धत जास्त बरी वाटते. निवडणूक तोंडावर आली म्हणून एखाद्याला जास्त शिक्षा व्हावी हे मनाला पटत नाही. यात खोट नाही असं मात्र मी म्हणणार नाही. नेमलेला प्रॉसिक्युटर नकोसा झाला तर इथल्या मतदाराच्या हातात थेट काही नाही. त्याला गव्हर्नरच्या निवडणुकीपर्यंत थांबावं लागतं.

तपास लांबत गेला तशी मावशीची चुळबुळ वाढली. बँकेत जाऊन विचारलं की झालं, असं तिला वाटे. डिटेक्टिव्हने तिला टेबलावर कागद मांडून दाखवलं की कशासाठी काय लागतं. बँकेचे तपशील हवे असतील तर न्यू जर्सीत ग्रँड ज्युरीचं सबपीना, म्हणजे कागद हजर करण्याचा आदेश, लागतं. नुसत्या विनंतीवर मिळत नाहीत. फोन कंपनीकडून एखादा फोन कुठे कुठे फिरला ते हवं असेल तर न्यायाधीशाचं वॉरंट. 2013 पासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक केलंय. “हे नियम आरोपीसाठी आहेत असं लोकांना वाटतं,” तो म्हणाला, “पण तुमच्याही बँकेच्या खात्याला तेच लागू आहेत.” मावशीला हे आवडलं. आपलं पासबुक कुणीही उठून बघू शकत नाही, याचं तिला बरं वाटलं.

ग्रँड ज्युरी म्हणजे काय हे आपल्या लोकांना समजावणं अवघड जातं. ज्युरी म्हटलं की आपल्याला मुंबईतला नानावटी खटला आठवतो, 1959 मध्ये नऊ ज्युरींनी 8 विरुद्ध 1 असा निर्दोष कौल दिला तो. ग्रँड ज्युरी दोषी की निर्दोष हे ठरवतच नाही. खटला चालवण्याइतकं कारण आहे का, एवढंच ती बघते. यादीतून निवडलेले 23 सामान्य नागरिक, त्यातल्या निदान बारांनी हो म्हटलं तरच इंडाइटमेंट, म्हणजे रीतसर आरोप. त्याशिवाय गंभीर गुन्ह्याचा खटला पुढे सरकत नाही, आरोपीने स्वतःहून तो हक्क सोडला तर गोष्ट वेगळी. दार बंद असतं. न्यायाधीश आत नसतो, बचावाचा वकीलही नसतो. प्रॉसिक्युटर, साक्षीदार आणि नागरिक. तिथे ऐकीव पुरावा चालतो, म्हणून मावशीला जावं लागलं नाही, डिटेक्टिव्हनेच सगळं सांगितलं.

ऐकताना मला ते एकतर्फी वाटलं, आणि मी ते असिस्टंट प्रॉसिक्युटरला बोलूनही दाखवलं. ती तिशीतली मुलगी होती, टेबलावर फायलींची चळत आणि बाजूला सुकत आलेलं एक रोप. ती म्हणाली, “म्हणूनच माझ्यावर जास्त बंधन आहे. आरोपी निर्दोष आहे असं स्पष्ट दाखवणारा पुरावा माझ्याकडे असेल, तर तो मी ग्रँड ज्युरीपुढे ठेवलाच पाहिजे. 1996 पासून आमच्या सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे.”

तिच्याच खोलीत आणखी एक प्रसंग झाला, तो सविस्तर सांगते. खटल्याच्या तयारीसाठी तिने मावशीला बोलावलं होतं. दुभाषी या वेळी प्रत्यक्ष आले होते, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. असिस्टंट प्रॉसिक्युटरने मावशीचे दोन जबाब शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या जबाबात, टाउनशिपच्या पोलिसांकडे, मावशीने गाडी पांढरी होती असं सांगितलेलं. दुसऱ्यात राखाडी. दोन ओळींखाली पिवळी खूण. तिने विचारलं, “यातलं बरोबर कुठलं?” मावशी गोंधळली, माझ्याकडे बघू लागली. मी काही बोलायचं नाही असं आधीच सांगितलेलं होतं. मावशी शेवटी म्हणाली, “मला आठवत नाही. मी खोकं बघत होते, गाडी नाही.” दुभाष्याने तसंच्या तसं सांगितलं. तिने लिहून घेतलं: आठवत नाही, खोक्याकडे बघत होत्या. मग म्हणाली, “हे मी बचावाच्या वकिलांना कळवणार आहे.”

मावशी ताडकन उठायच्या बेतात होती. “म्हणजे आपलीच केस आपण कच्ची करायची?”

त्या मुलीने पेन खाली ठेवलं. “मावशी” हा शब्द तिने आमच्या तोंडून ऐकला होता, तोच तिने वापरला. म्हणाली, “मावशी, मी तुमची वकील नाही. मी राज्याची वकील आहे, आणि त्या राज्यात तोही येतो. त्याच्या बाजूचा पुरावा दडवून मी केस जिंकले तर ती जिंकणं नाही. आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात.” हे काही तिचं एकटीचं मत नव्हतं. केस जिंकणं नव्हे तर न्याय होणं हे सरकारी वकिलाचं काम, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1935 मध्येच सांगून ठेवलंय, आणि आरोपीच्या फायद्याचा पुरावा त्याला दिलाच पाहिजे हे 1963 मध्ये. न्यू जर्सीचे नियम आणखी पुढे जातात: इंडाइटमेंटनंतर जवळजवळ सगळी फाइल बचावाला द्यावी लागते.

परतताना गाडीत मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणून माझं नाव वर नाही होय.” मला वाटतं, त्या क्षणी तिला ते माझ्याआधी समजलं. खटला तिचा असता तर तो तिच्या रागावर, तिच्या दयेवर, तिच्या थकण्यावर हेलकावे खात राहिला असता. त्या मुलाच्या ओळखीच्या कुणी तरी आमच्याकडे एका मध्यस्थामार्फत ‘पैसे देतो, केस मागे घ्या’ असा निरोप धाडला होता. आम्ही तो अ‍ॅडव्होकेट बाईंना सांगितला आणि त्यांनी तो वकिलापर्यंत पोचवला. मागे घ्यायला केस मावशीची नव्हतीच. एकट्या बाईवर दडपण आणून काही मिळणार नाही, ही तिची केवढी मोठी सुरक्षितता होती! मला त्या व्यवस्थेचा आदर वाटला, आजही वाटतो.

मावशीला विचारलंच नाही, असं मात्र झालं नाही. बचावाच्या वकिलांनी पीटीआयसाठी, म्हणजे प्री-ट्रायल इंटरव्हेन्शनसाठी, अर्ज केला. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्यासाठी हा मार्ग आहे: जास्तीत जास्त तीन वर्षं देखरेखीखाली राहायचं, भरपाई करायची, अटी पाळल्या तर आरोप रद्द. त्याला प्रॉसिक्युटरची संमती लागते आणि पीडिताचं म्हणणंही विचारात घेतात. मावशी दोन दिवस झोपली नाही. मुलगा तिच्या नातवाच्या वयाचा. ती म्हणाली, पैसे परत करत असेल तर माझी हरकत नाही. प्रॉसिक्युटरच्या ऑफिसने तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि तरीही अर्जाला विरोध केला. कारण लेखी दिलं: हा संघटित टोळीच्या कामाचा भाग दिसतो, बळी अनेक आहेत, आणि अशा प्रकरणांत पीटीआय सहसा देत नाहीत. मी त्या वेळी मावशीच्या बाजूची होते. आज विचार करते तेव्हा इतर घरांतली म्हातारी माणसं डोळ्यांपुढे येतात, ज्यांना आम्ही कधी भेटलो नाही आणि ज्यांचा हिशेब ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्यासाठी ऑफिसने घेतलेला निर्णय योग्य होता.

शेवटी ज्युरीपुढे खटला चाललाच नाही. इथे बहुतेक केसेस प्रॉसिक्युटर आणि आरोपी यांच्यातल्या तडजोडीने, गुन्ह्याच्या कबुलीवर मिटतात. त्याने तिसऱ्या पायरीच्या चोरीचा गुन्हा कबूल केला. कबुलीच्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला एकेक प्रश्न विचारला: कुणी जबरदस्ती केली का, खटल्याचा हक्क सोडताय हे कळतंय का, आणि तुम्ही नागरिक नसाल तर या कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाऊ शकतं हे वकिलांनी समजावलं का? 2010 पासून वकिलाने हे समजावून सांगणं घटनेनेच सक्तीचं ठरलंय. प्रत्येक प्रश्नाला तो ‘हो’ म्हणत होता, दर वेळी आवाज आणखी खाली. मग त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं की त्याने काय केलं. खोक्यात काय आहे हे ठाऊक होतं का, असं विचारल्यावर तो थांबला आणि म्हणाला, पहिल्यांदा नव्हतं, नंतर होतं.

शिक्षेच्या दिवशी पीडिताला बोलायचा हक्क असतो. मावशीने आपलं म्हणणं वहीच्या पानावर मराठीत लिहून आणलं होतं आणि तिने ते मराठीतच वाचलं, दुभाषी वाक्यागणिक इंग्रजीत सांगत गेले. पैशांबद्दल ती दोनच वाक्यं बोलली. बाकी सगळं फोनबद्दल होतं. फोन वाजला की छातीत धडधडतं, बहिणीचा फोनही उचलला जात नाही, दार वाजलं की मी दिवा मालवते. मग मान वर करून त्या मुलाकडे बघून म्हणाली, “तू दारात आलास तेव्हा मी तुला पाणी विचारलं होतं.” दुभाषी क्षणभर थांबले आणि मग त्यांनी ते वाक्य सांगितलं. न्यायाधीशांनी प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली, त्यात अट म्हणून काही महिने कौंटीच्या तुरुंगात, आणि पूर्ण रकमेच्या भरपाईचा आदेश. तिसऱ्या पायरीच्या पहिल्या गुन्ह्याला सहसा राज्याच्या तुरुंगात पाठवत नाहीत, हे आम्हाला अ‍ॅडव्होकेट बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही.

भरपाईचे पैसे प्रोबेशन खात्यामार्फत येतात, थोडे थोडे. सगळे परत येतील अशी आशा आम्ही धरलेली नाही. ज्याने फोन केला तो माणूस सापडलेला नाही. फोन देशाबाहेरून आले होते आणि तिथवर कौंटीचा हात पोचत नाही. ती माहिती डिटेक्टिव्हने फेडरल तपास यंत्रणांकडे दिली. मावशीला हे खुपतं आणि मलाही. खालचा पोरगा शिक्षा भोगून बसला आणि वरचा अजून कुणाला तरी फोन करत असेल.

आता कामाच्या गोष्टी. असा फोन आला किंवा पैसे गेले तर आधी आपल्या गावच्या पोलिसांकडे जा, त्याच दिवशी. प्रॉसिक्युटरच्या ऑफिसात थेट जायची गरज नाही, केस त्यांच्याकडे पोचते. फोनमधले कॉल, मेसेज, बँकेच्या पावत्या काही पुसू नका. एफबीआयच्या ऑनलाइन तक्रार केंद्रावरही नोंद करा. राज्याचं पीडित भरपाई कार्यालय वेगळं आहे, पण ते मुख्यतः इजा, उपचार, समुपदेशन यांच्या खर्चासाठी आहे. चोरीला गेलेल्या रकमेसाठी कोर्टाच्या भरपाईच्या आदेशावरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून नुकसानीचे सगळे कागद पहिल्यापासून जपा. केस क्रमांक मिळाला की व्हिक्टिम-विटनेस विभागाला स्वतःहून फोन करा आणि तुमचा पत्ता, फोन बदलला तर कळवा, नाहीतर तारखांची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतील. आणि दुभाषी हवा असेल तर पहिल्याच फोनवर ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा.